गळ्यातल्या दोऱ्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे, आणि खरे सांगायचे तर मला तुमचाही भरवसा वाटत नाही. रागावू नका. तो माझा स्वभाव आहे आणि धंदाही. समोर कोणी आले की मी त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या हाताकडे बघते. हात रिकामा असला तर मनात म्हणते, याने किल्ली कुठे लपवली? हातात किल्ली असली तर म्हणते, ही नक्की याचीच का? असे सगळ्या जगाकडे तिरक्या नजरेने बघत माझा जन्म गेला. पण एका शनिवारी, एका शाळेच्या मैदानावर, आजूबाजूच्या साऱ्या माणसांनी माझा धंदा आपल्या हाती घेतला. तो त्यांच्या हातात कसा दिसतो हे पाहून मी पहिल्यांदा घाबरले. ती हकीगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म तमिळ मुलखातल्या दिंडीगुल गावचा. तिथे कुलुपे घडवणाऱ्यांची घरेच्या घरे आहेत. माझ्या कारागिराने माझ्या पोटात एकावर एक पितळी पट्ट्या बसवल्या, कानसेने घासून घासून त्या जुळवल्या आणि मग मुद्दाम शेजाऱ्याच्या कुलपाची किल्ली माझ्यात घालून फिरवली. मी उघडले नाही. त्याने ती जोर लावून फिरवली, तरी नाही. तेव्हा तो खूश झाला आणि धोतराच्या सोग्याने त्याने मला पुसले. परक्याला नाही म्हणायचे, एवढेच माझे शिक्षण, आणि त्यासाठीच मला पहिली शाबासकी मिळाली.

तिथून मी बंगळूरच्या पेठेत आले. आधी एका रेशमाच्या व्यापाऱ्याच्या संदुकीवर होते. तो सख्ख्या भावाची पाठ फिरली की मला ओढून बघायचा. मग लढाईच्या दिवसांत एका रेशनच्या दुकानात लागले. तिथे रांगेतली माणसे तांदळाच्या गोणीकडे बघायची आणि दुकानदार त्या माणसांकडे. अशा घरांत वाढल्यावर माझ्याकडून गोड स्वभावाची अपेक्षा कोणी करू नये. दुकान बंद पडल्यावर मी मोडीच्या बाजारात पोचले, आणि तिथे उमाकांत सरांनी मला उचलले.

उमाकांत सर विमानांच्या कारखान्याजवळच्या एका मराठी शाळेत कवायत शिकवायचे. कारखाना वाढत होता. पुण्याकडून इंजिनियर आणि कारकून येत होते, निपाणी-अथणीकडून मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे कामगार येत होते, आणि या सगळ्यांनी मिळून आपल्या मुलांसाठी ही कौलारू शाळा काढली होती. आज जिथे इंदिरानगरचे रस्ते आणि दुकाने आहेत, तिथपर्यंत तेव्हा नाचणीची शेते दिसायची. भाषेवरून राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. मोठी माणसे संध्याकाळी ओट्यावर बसून दबक्या आवाजात विचारायची, आपण इकडचे की तिकडचे? शेजारचा जवळून गेला की बोलणे थांबायचे. मुले ते सगळे ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन यायची.

सर मात्र अशा बोलण्यात कधी बसले नाहीत. ते आखाड्यात वाढलेले, सरळ मनाचे. त्यांनी मैदानात सागवानी मल्लखांब रोवला होता, त्याच्याभोवती माती खणून मऊ केली होती, आणि शेजारी दोरीचा मल्लखांबही टांगला होता. एकदा आरोग्यम नावाच्या मुलाच्या गळ्यातला क्रूसाचा दोरा त्या दोरीत अडकला आणि त्याच्या मानेला चांगलाच काच बसला. थोडक्यात निभावले. त्या दिवसापासून सरांनी नियम केला. एक लाकडी पेटी आणली, तिला कडी-कोयंडा बसवला आणि त्यात मला अडकवले.

सर मुलांना म्हणाले, "मैदानावर कोणी कोणत्या जातीचा नाही आणि कोणत्या देवाचा नाही. गळ्यात जे लोंबतं ते काढून पेटीत ठेवायचं. खेळ संपला की परत घालायचं."

मला हा बेत आवडला, कारण त्यात माझी गरज होती. माझी किल्ली सरांनी चौथीच्या मॉनिटरकडे दिली. त्याचे नाव अन्वर पाशा. त्याचे वडील कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते आणि निपाणीकडूनच आले होते. घरात दखनी, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी, असे तीन भाषांचे त्याचे तोंड होते. वर्गात सगळ्यांत उंच तोच. किल्ली खिशात घालून तो असा ताठ चालायचा की कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याला सलाम ठोकावा. मी अर्थात त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला. पण त्याने मला कधी वेळेआधी उघडले नाही आणि उघडे टाकूनही तो कधी गेला नाही. माझ्यासारख्या कुलपालाही नाइलाजाने हे कबूल करावे लागते.

पेटीत पहिल्यांदा काय काय पडले ते मला अजून आठवते. आरोग्यमचा क्रूस. पाशाचा ताईत, चामड्याच्या इवल्याशा पुडीत शिवलेला. कोणाची तुळशीची माळ, कोणाचा वाघनखाचा दोरा. आणि नागभूषणची करडगी. करडगी म्हणजे लिंबाएवढी चांदीची डबी. लिंगायत घरांत मुलाला इष्टलिंग देतात, ते या डबीत ठेवून गळ्यात घालतात. ते अंगापासून दूर करायचे नसते. रोज त्याची पूजा झाल्याशिवाय जेवायचे नाही, आणि ते हरवले तर सापडेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचे नाही, अशी नागूच्या घरची रीत होती.

पद्माकरची मुंज नुकतीच झाली होती. पाशाने पेटीचे झाकण धरून विचारले, "सर, पद्माकरचं जानवं?"

"ते लोंबत नाही रे," सर म्हणाले. "अंगाला चिकटून असतं."

पाशाने मान डोलावली आणि झाकण लावले. सर म्हणाले म्हणजे खरेच असणार, असे त्याला वाटले. मला नाही वाटले. पण कुलपाचे मत कोण विचारतो?

नागू दर शनिवारी करडगी काढताना डोळे मिटायचा, ती दोन्ही डोळ्यांना लावायचा आणि पेटीच्या कोपऱ्यात घडी केलेल्या पांढऱ्या रुमालावर ठेवायचा. तिला कातड्याचा स्पर्श होऊ नये म्हणून ताईत दुसऱ्या टोकाला असायचा. मुलांनी हे आपसांतच ठरवले होते, सरांना त्याचा पत्ताही नव्हता. पण एकदा कोणीतरी पेटी ओढत नेली आणि उघडली तेव्हा ताईत घरंगळून रुमालावर, करडगीला टेकून पडलेला. नागूने करडगी गळ्यात घातली आणि बराच वेळ ती सदऱ्याने पुसत राहिला. घरी जाऊन तो हे आजीला बोलला असणार.

आता त्या शनिवारचे सांगते. पाशाने मला उघडले, मुले एकेक करून आली. नागू आला आणि त्याने करडगी रुमालावर ठेवली. मी चमकले. आज त्याने डोळे मिटले नाहीत. डबी डोळ्यांना लावली नाही. पाटीवरची पेन्सिल खाली ठेवावी तशी ठेवून दिली आणि एक हात कमरेवर धरून तो घाईने निघून गेला. मला वाटले, कुठेतरी पाणी मुरते आहे. पण तेवढ्यात पाशाने कडी लावली, किल्ली फिरवली आणि मला एकदा ओढून बघितले. मी पक्के बसले होते.

खेळ संपेपर्यंत मला कोणी शिवले नाही. हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगते. माझ्या पोटातली एक पट्टीही हलली नाही.

खेळ संपला. पाशाने मला उघडले, मुले आपापल्या वस्तू घेऊ लागली. नागूने करडगी उचलली, दुसऱ्या हाताने कंबर चाचपली आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने पुन्हा चाचपले. मग काहीतरी होऊन देव डबीतच गेला असेल, अशा वेड्या आशेने त्याने डबी उघडली. डबी रिकामी होती. मागे पद्माकर उभा होता. त्याने वाकून पाहिले आणि तो म्हणाला, "नागूचा देव गेला. पेटीतून गेला."

ते वाक्य मैदानभर पसरायला काहीच वेळ लागला नाही. सर धावत आले. त्यांनी नागूला विचारले. तो नुसता रडत होता. मग सरांनी विचारले, "किल्ली कोणाकडे होती?"

हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, कारण किल्ली त्यांनीच दिली होती. पण सगळ्या माना पाशाकडे वळल्या. सकाळपर्यंत जी मुले त्याच्या मल्लखांबावरच्या उलट्या उडीला टाळ्या वाजवत होती, ती त्याच्यापासून हळूच दोन पावले मागे सरली. मी अशा नजरा पेठेत खूप पाहिल्या होत्या. मोठ्यांच्या चेहऱ्यावर त्या शोभत नाहीत हे मला माहीत होते. लहानांच्या चेहऱ्यावर तर त्या भयंकर दिसतात.

"मी उघडलं नाही," पाशा म्हणाला.

खरे आहे, मी म्हटले. पण माझा आवाज म्हणजे फक्त खट्ट. तो कोणाला कळणार?

त्याचे खिसे उलटे केले. गोट्या निघाल्या, चिंचोके निघाले, किल्ली निघाली. तेव्हा कोणीतरी मागून म्हणाले, "त्याच्या ताइतात बघा." पाशाने ताईत मुठीत घट्ट धरला होता. त्या चिमुकल्या पुडीत नागूचा देव मावलाच नसता, हे आंधळ्यालाही दिसले असते. पण संशय आला की माणसे समोरचे बघत नाहीत.

सर म्हणाले, "पाशा, एकदा उघडून दाखव. म्हणजे तुझ्यावरचा आळ जाईल."

त्यांना खरेच तसे वाटत होते, म्हणून तर मला जास्त वाईट वाटले. पाशा म्हणाला, "सर, अम्मीने शिवलाय." तरी त्याने मूठ उघडली. सरांनी खिशातल्या चाकूने टाके उसवले. आत घडी घातलेला एक कागद होता, बाकी काही नाही. वाऱ्याने तो मातीत पडला. पाशाने तो उचलला, फुंकून स्वच्छ केला, डोळ्यांना लावला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. आळ गेला नाहीच. उलट पद्माकर म्हणाला, "आधीच दुसरीकडे लपवला असेल."

मुख्याध्यापिका हेमलताबाई आल्या. त्या शिस्तीच्या होत्या, दुष्ट नव्हत्या. गावात आधीच भाषेवरून कुजबुज चालू, त्यात लिंगायताचा देव मराठी शाळेतून गेला आणि किल्ली मुसलमान मुलाकडे होती, ही बातमी फाटकाबाहेर पडली तर काय होईल, या धास्तीने त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "सोमवारी वडिलांना घेऊन ये. तोवर वर्गात बसायचं नाही. नागूचा देव मिळाला नाही, तर तुझं नाव काढावं लागेल."

पाशाला व्हरांड्यापाशी, घंटेच्या खाली उभे केले. ऊन चढले होते. तो रडला नाही, हे मात्र सगळ्यांना खटकले. रडत नाही म्हणजे निगरगट्ट आहे, असे कोणीतरी म्हणाले. रडला असता तर म्हणाले असते, बघा, पकडला गेला म्हणून रडतो. मी हा खेळ चांगला ओळखते. त्यात ज्याच्यावर संशय आहे त्याला जिंकता येतच नाही.

आणि मी पेटीवर उघडे लोंबकळत विचार करत होते. माझ्यातून काही बाहेर गेले नाही. मग उरते एकच. ते माझ्यात कधी आलेच नव्हते. हे सगळ्यांआधी मला कळले, पण ते सांगायला मला तोंड नव्हते. ज्याला तोंड होते तो नागू पायरीवर बसून हुंदके देत होता, आणि घंटेकडे बघायचे टाळत होता.

मधल्या सुट्टीत नागूची आजी आली. गंगव्वा तिचे नाव. उंच, काटक बाई, कपाळभर विभूतीचे पट्टे. नातवासाठी रोज ताजा डबा घेऊन यायची आणि तो जेवेपर्यंत करंजाच्या झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बारीक नजरेने बघत राहायची. संशयी माणूस मी लगेच ओळखते. तिच्याबद्दल मला थोडा आपलेपणाच होता.

तिने डबा सोडला. "बस नागू. गरम भाकरी हाय, हुलग्याचं सार हाय."

नागूने मान हलवली.

"पानी तरी पी की रे. तोंड बघ कसं सुकलंय."

नागूने पुन्हा मान हलवली. गंगव्वाचा हात तिथेच थांबला. तिच्या घरात पाण्याला नाही म्हणण्याचे कारण एकच असायचे. तिने नातवाची कंबर चाचपली. मग तिने सावकाश डबा बंद केला आणि उभी राहिली.

"त्या पोराला उन्हात कशापायी उभं केलंय?" तिने विचारले.

पद्माकर तत्परतेने म्हणाला, "आजी, त्याने पेटीतून नागूचा देव चोरला."

"पेटीतनं?" गंगव्वा म्हणाली. "पेटीत देव नव्हताच. नुसती डबी हुती."

सर जवळ आले, हेमलताबाई आल्या. गंगव्वाने पदर सारखा केला आणि कोणाच्या नजरेला नजर द्यायला ती कचरली नाही. "मीच सांगितलं त्याला. मास्तरला डबी पायजे नव्हं? डबी दे, म्हटलं. देव देऊ नगं. माज्या हातानं फडक्यात गुंडाळून त्याच्या कमरंला बांधून दिला."

"आजी, मग हे आधी सांगायचं नाही का?" बाईंचा आवाज चढला. "असं का केलंत तुम्ही?"

"तुमच्या पेटीवर माजा भरवसा नव्हता, बाई. आत कुनाचं काय काय ठेवत्यात, कोन हात लावतंय, मला काय ठावं?" मग ती सरांकडे वळली. "मास्तर, तुमचं जानवं ठिवलं हुतं का हो कधी त्या पेटीत?"

सरांचा हात नकळत सदऱ्याखालच्या जानव्याकडे गेला. एवढ्यात नागू उठला आणि घंटेपाशी गेला. पाशासमोर उभा राहून तो म्हणाला, "मला भ्या वाटलं. सर मारतील म्हणून सांगितलं नाही."

पाशाने त्याच्याकडे बघितलेच नाही.

आता देव कुठे गेला हे उघड होते. मल्लखांबावर उलटे-सुलटे होताना कमरेची गाठ सुटून तो मातीत पडला असणार. सगळी मुले गुडघ्यांवर बसून माती चाळू लागली. पाऊल टाकताना प्रत्येक जण खाली बघत होता. सर स्वतः सदऱ्याच्या बाह्या सारून मातीत बसले. ते म्हणाले, "पाशा, तूही ये. तुझे डोळे चांगले आहेत."

"नक्को सर," पाशा म्हणाला. "मला सापडला तर तुम्ही परत विचाराल, तुलाच कसा सापडला."

सरांनी मान खाली घातली. मित्रांनो, हा मुलगा त्या दिवशी सकाळी हसत हसत माझी किल्ली फिरवत होता. दुपारपर्यंत त्याला माझ्यासारखा विचार करायला शिकवून झाले होते.

मल्लखांबाच्या बुडाशी तेलाने माखलेल्या चिंध्या पडलेल्या असायच्या. खांबाला एरंडेल लावले की मुले त्यांनाच हात पुसत. पद्माकर त्या चिंध्या पायाने बाजूला सारू लागला, म्हणजे खालची माती बघता येईल. घंटेखालून पाशा ते पाहत होता.

"पद्या, थांब," तो म्हणाला. "पाय हलवू नको. तुझ्या टाचेजवळचं फडकं चिंधी नाही. त्याला गाठ आहे."

पद्माकर जागच्या जागी थिजला. बाकीची मुले धावू लागली तेव्हा पाशाचा आवाज पुन्हा आला. "कोणी हात लावू नका. नागू, तू ये. तूच उचल."

आणि तो आपल्या जागेवरून एक पाऊलही पुढे आला नाही. नागूने मातीने मळलेली ती पुरचुंडी उचलली. गंगव्वाने तिथेच तांब्यातल्या पाण्याने देव धुतला, नागूच्या तळहातावर ठेवला, आणि नागूने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितले. तो इतका घटाघटा पाणी प्याला की त्याचा सदरा पुढून भिजला.

हेमलताबाई पाशाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "वर्गात जा बाळ. सोमवारी वडिलांना आणायला नको." पाशा निघाला. सरांनी त्याला अडवले. "पाशा, माझं चुकलं. ताईत उसवायला नको होता मी. ही घे, किल्ली तुझ्याकडेच राहील." त्यांनी मला किल्लीसकट पुढे केले. मला वाटले, आता हा मुलगा हसेल आणि सगळे पूर्वीसारखे होईल.

"नक्को सर," पाशा म्हणाला. "ज्याच्याकडे किल्ली, तोच चोर. मला नक्को."

मग सरांनी किल्ली आरोग्यमला देऊ केली. त्यानेही हात मागे घेतले. तिसऱ्या मुलानेही तेच केले. शेवटी पद्माकरला विचारले, तर तो रडायलाच लागला. इतक्या वर्षांत माझी किल्ली नको म्हणणारे लोक मी पाहिले नव्हते. ती घेण्यासाठी भांडणारेच पाहिले होते.

पुढच्या शनिवारी पेटी मैदानावर आली खरी, पण सरांनी तिच्यात मल्लखांबाचे तेल आणि चिंध्या ठेवल्या होत्या, आणि मी कोयंड्यात नुसते अडकवलेले होते. मुले गोळा झाली. गंगव्वा सकाळपासूनच करंजाखाली येऊन बसली होती. तिचा भरवसा अजून बसला नव्हता, हे तिच्या बसण्यावरून दिसत होते.

सर म्हणाले, "गळ्यात काही लोंबता कामा नये, ते खरंच. पण काढायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. काढायचं नसेल तर कापडात गुंडाळून दंडाला घट्ट बांधा. पद्माकर, तूही जानवं कमरेला गुंडाळून पक्कं कर."

गंगव्वा झाडाखालून म्हणाली, "हां, आमच्यातबी दंडाला बांधत्यात. ते सरी हाय, बराबर हाय."

नागूने देव स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि डाव्या दंडावर धरला. उजव्या हाताने तो फडक्याची टोके ओढू लागला. एक टोक दातात धरून बघितले, तरी गाठ बसेना. मित्रांनो, करून बघा. स्वतःच्या दंडावरची गाठ स्वतःला घट्ट मारता येत नाही. दुसऱ्याचे हात लागतातच.

पद्माकर पुढे झाला, "आण, मी बांधतो." आजी तर हाकेच्या अंतरावर होती. पण नागू दंड तसाच धरून पाशाकडे गेला. त्याच्यासमोर हात पुढे करून उभा राहिला.

आठवडाभर पाशा त्याच्याशी बोललेला नव्हता. त्याने नागूच्या दंडाकडे पाहिले, मग झाडाखाली बसलेल्या गंगव्वाकडे पाहिले. त्याने हात पाठीमागे बांधलेलेच ठेवले.

गंगव्वा उठून जवळ आली. मला वाटले, ही आता नातवाला मागे ओढणार. मी जुन्या सवयीने वाईटच धरून चालले होते. तिने पाशाच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले. उसवलेला ताईत तो अजून तसाच खिशात घेऊन फिरत होता. ती म्हणाली, "बांध की रे बाळा. त्याला तुज्याच हातची गाठ पायजे."

पाशा पुढे आला, पण गाठीला हात घालण्याआधी तो थांबला. "सर, इकडे या," तो म्हणाला. "आधी बघून घ्या. आत देव आहे का बघा. मग मी बांधणार."

"पाशा, त्याची काही गरज नाही रे," सर म्हणाले.

"मला आहे, सर."

नागूने फडक्याची घडी उघडली. सरांनी वाकून पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, त्यांना काही दिसले असेल असे मला वाटत नाही. ते म्हणाले, "आहे." मग पाशाने दोन्ही टोके धरली आणि एकावर एक अशी गाठ मारली. "स्वल्पबी ढिली नगं," गंगव्वा म्हणाली, आणि पाशाने ती पुन्हा ओढली. नागू त्या दिवशी मल्लखांबावर उलटा लटकला, गरगर फिरला. गाठ हलली नाही.

हळूहळू सगळीच मुले एकमेकांचे दंड बांधू लागली. कोण कोणाचे काय बांधतो हे पुढे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. आरोग्यमचा क्रूस पद्माकर बांधायचा, कधी नागू. पाशाने मात्र बरेच महिने सरांना हाक मारून आधी दाखवायचे सोडले नाही. सर दर वेळी यायचे, वाकायचे आणि "आहे" म्हणायचे. मुले ते बघून हसायची नाहीत.

माझे काम संपले. पेटी मोडली, मला काढून बाईंच्या कपाटाच्या खणात टाकले, किल्ली माझ्याच कडीला सुतळीने बांधून. ज्या कुलपाची किल्ली त्याच्याच गळ्यात आहे, त्याला कोणी घाबरत नाही. पोटातल्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला आहे. कोणी तेलाचा एक थेंब सोडला तर मी अजूनही फिरेन. त्याबद्दल माझी काही मोठी तक्रार नाही, कधीतरी थेंबभर तेल मिळाले तर बरे, इतकेच.

मागणे दुसरेच आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात कधी काही हरवेल. हरवतेच. तेव्हा बाकावरच्या कोणा एकाकडे सगळ्या माना वळू लागल्या, तर तुमची मान तेवढी वळवू नका. आधी माती चाळा. संशय घ्यायचे काम माझ्यासारख्यांवर सोडा. मी पितळेचे आहे, तो पोटात घेऊन वर्षानुवर्षे टांगून राहणे मला जमते. पाशा चौथीत होता.